भुईछत्रीच्या काठातला रुपया

माझं अक्षर न पिंजलेल्या कापसासारखं आहे, जागोजागी गोळे. ऱ्हस्व-दीर्घ मी भाजीतल्या मिठासारखं अंदाजाने टाकते. चौथीपर्यंत शिकले, तेही पंचेचाळीस वर्षांपूर्वी. चुका दिसतील तिथे वाचणाऱ्याने मनातल्या मनात सुधारून घ्याव्यात आणि मला माफ करावं.

आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या बाईंनी ही वही दिली. "दिवाळी अंकाला तुमच्या कामाबद्दल चार पानं लिहा," म्हणाल्या. वही तीन महिने शिलाई मशीनच्या खणात पडून होती. आता लिहायला घेतलंय, पण त्यांना द्यायची की नाही ते ठरलेलं नाही. चार माणसांत उभी राहिले तरी माझ्या तळहातांना घाम सुटतो. लहानपणी गुरुजींनी नाव विचारलं तर मी पाटीवर लिहून दाखवायची. वही माझ्याकडे बघत नाही, म्हणून जमतंय.

माझं काम गाद्यांचं. माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या अलीकडे. वडील पिंजारी. खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचे, लोकांच्या ओसरीवर बसून कापूस पिंजायचे आणि गादी भरून द्यायचे. लग्न होऊन माधवनगरला आले तेव्हा आमचे हे गिरणीत होते. गिरणी बंद पडली, हे घरी बसले, आणि वडिलांचं काम माझ्या हाताला आलं. पुढच्या खोलीत कापूस, मागच्या खोलीत आम्ही. आमच्या घरात आमची दखनी बोलतात, ती मी इथे मराठीत लिहिते.

गादी म्हणजे काय, बाहेरच्याला वाटतं कापूस कोंबला की झालं. तसं नाही. कापूस सरकतो. माणूस रोज एका कुशीवर झोपतो, तिथला कापूस बाजूला जातो, खड्डा पडतो. म्हणून टाके घालायचे. टाका घट्ट झाला तर गादी दगड, सैल झाला तर वर्षात पोत्यासारखी. वडील म्हणायचे, आठ दिवसांत झोप लागली नाही तर गादी परत आणि पैसे परत. एकदाच असं झालं होतं. वडिलांनी त्या माणसाचे पैसे देऊन टाकले आणि स्वतः त्या गादीवर झोपून बघितलं. सकाळी म्हणाले, "त्याचं खरं होतं."

वडिलांची आणखी एक रीत होती. गादी शिवून होत आली की शेवटच्या टाक्याआधी एका कोपऱ्यात नाणं सरकवायचं. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो, तसंच. आपल्या हातचं काही दाराबाहेर रिकामं जाऊ नये. तेव्हा चाराणे होते, माझ्या वेळेला रुपया झाला. गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. बहुतेकांना कधी कळतही नाही.

एकाला कळलं होतं. विट्याचा एक गलाईवाला, लांबच्या शहरात सोनं गाळायचं दुकान. त्याच्या बापाने मी शिवलेल्या गादीवर बसून वीस वर्षं धंदा केला होता. गादी जुनी झाली म्हणून ती गाडीत घालून माझ्याकडे आणली. म्हणाला, "चाची, खोळ नवी घाला, कापूस नवा घाला, पर जुना कापूस मला परत पायजे."

"त्याचं काय करणार?" सुमनने विचारलं. सुमन म्हणजे माझी शेजारीण. मालक फौजेत, ही दुपारी माझ्याकडे टाके घालायला येते. मजुरीपेक्षा बोलायला जास्त येते, आणि माझ्या वाटणीचंही तीच बोलते.

"जाळणार," तो म्हणाला. "वीस वरसं हातातनं, धोतरातनं बारीक बारीक सोनं झडलंय त्यात. जड असतंय, तळाला जाऊन बसतंय."

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. "चाची, सोनं निघालं थोडं. पर कोपऱ्यातनं एक रुपया पण निघाला. तुमचा ऱ्हायला का?"

मी फोन सुमनच्या हातात दिला. ती म्हणाली, "ऱ्हायला न्हाई, दिला! सोनं तुमचं तुमच्याजवळ, रुपया आमच्या भाभीचा आशीर्वाद हाय." आम्ही दोघी कितीतरी वेळ हसत होतो. त्याच रुपयाने पुढे मला असं पकडलं की दोन वर्षं सुटका नव्हती. तेच लिहायचं आहे, बाकी सगळी टाळाटाळ.

शुभदा मॅडम विश्रामबागेतल्या. नोकरीला कोकणात समुद्राकाठी, समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करतात. आईची गादी भरून घ्यायला आल्या आणि गादी बघायचं सोडून गादीचा काठ बघत बसल्या. बोट फिरवून म्हणाल्या, "भाभी, असा टाका पाण्यात टिकेल?"

सुमन म्हणाली, "गादी पाण्यात कशाला घालताय, मॅडम?"

मग त्यांनी कागदावर एक चित्र काढलं. पावसात उकिरड्यावर भुईछत्र्या उगवतात, अगदी तशी. वर कापडाची गोल टोपी, मधून वेताची काठी, काठीच्या खालच्या टोकाला पितळी कड्या. टोपीत बुचाची चकती, म्हणजे ती वर उचलून धरते. कड्या खाली ओढतात. दोघांचा तोल असा साधायचा की ही भुईछत्री समुद्रात सोडल्यावर हळूहळू बुडावी, काठीचं टोक तळाला टेकावं, पण टोपी मात्र पाण्यात उभी राहावी. मग तळाजवळचं पाणी तिला ढकलत नेतं. टोक तळावर टेकत टेकत ती चालते, काठी टेकत म्हातारी चालावी तशी. काठात मेणकापडाचा खिसा, त्यात क्रमांकाचं कार्ड आणि फोन नंबर. कोळ्यांच्या जाळ्यात आली किंवा वाळूत लागली तर त्यांनी फोन करायचा, कुठे सापडली ते सांगायचं आणि पन्नास रुपये घ्यायचे. अशा वस्तू प्लास्टिकच्या मिळतात, पण मॅडमना समुद्रात प्लास्टिक टाकायचं नव्हतं. मेण लावलेलं सुती कॅनव्हास हवं होतं, दोन-तीन वर्षांनी कुजून जाणारं.

मी तोवर समुद्र बघितला नव्हता. अजूनही नाही. आमच्या माहेरी पाणी म्हणजे टँकर. तेव्हा तळाजवळचं पाणी वेगळं आणि वरचं वेगळं, हे मला पटेना. मॅडम म्हणाल्या, "कृष्णेच्या घाटावर पायरीवर उभं राहून बघा. पोटरीला धार लागते, पण पाऊल गाळात रुतलं असेल तिथे पाणी जवळजवळ उभं असतं. तळ पाण्याला धरून ठेवतो. समुद्रातही तसंच. तळाजवळ पाण्याचा एक थर असतो. कुठे माणसाइतका उंच, कुठे दोन मजल्यांइतका. तळाशी घासून तो मंद झालेला असतो."

त्या त्याला सीमाथर म्हणतात. मी तळपाणी म्हणते.

नुसतं मंद असतं तर एवढा खटाटोप कशाला? गंमत पुढेच आहे. तळपाणी वरच्या पाण्याच्या मागोमाग जात नाही, वळतं. हे मला समजायला चार फेऱ्या लागल्या. शेवटी मॅडमनी बैलगाडीचं सांगितलं तेव्हा समजलं. समुद्र सपाट नसतो, त्याला अगदी बोटभर उतार असतो. उन्हाळ्याच्या शेवटी आपल्या किनाऱ्यालगत पाणी दक्षिणेला वाहतं, आणि उतार असतो किनाऱ्याच्या बाजूला. म्हणजे एक बैल किनाऱ्याकडे ओढतो. पृथ्वी फिरते, म्हणून वाहत्या पाण्याला उजवीकडे, म्हणजे भर समुद्राकडे ओढ असते. हा दुसरा बैल. दोघं सारखे ओढतात तोवर गाडी सरळ दक्षिणेला जाते. पण हा दुसरा बैल लहरी. पाणी जोरात पळत असेल तरच ओढतो. तळाशी घासून पाणी मंद झालं की हा ढिला पडतो, आणि गाडी पहिल्या बैलाच्या बाजूला वळते. वरचं पाणी किनाऱ्याला समांतर निघून जातं, तळपाणी किनाऱ्याकडे सरकतं. किनाऱ्याशी आलेलं पाणी जाणार कुठे? ते वर चढतं. म्हणजे समुद्र आडवा वाहतो आणि विहिरीवरच्या रहाटासारखा उभाही फिरतो, आणि तो रहाट फिरवतो कोण, तर तळाचा तो मंद थर. हिवाळ्यात सगळं उलटं. वरचं पाणी उत्तरेला, तळपाणी भर समुद्राकडे.

"मग हे कळून काय मिळतं?" सुमनने विचारलं.

मॅडमनी एका खाडीचं सांगितलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे एका कारखान्याचं सांडपाणी नळाने समुद्रात सोडायचं चाललं होतं. पाण्यातला गाळ जड, तो तळपाण्यात उतरणार. खाडीच्या तोंडाशी बायका ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचतात, त्यावर त्यांची घरं चालतात. नळवाले म्हणत होते, वरचं पाणी दक्षिणेला जातं, घाण निघून जाईल. मॅडम म्हणत होत्या, तळाचं काय? तळपाणी किनाऱ्याकडे येत असेल तर सगळी घाण त्या बायकांच्या टोपलीत.

पहिल्या वीस भुईछत्र्या मॅडमनी माझ्यासमोर बसून करून घेतल्या. माशांची असते तशी काचेची पेटी आणली. त्यात खडे मीठ घालायचं. काचेची एक नळी पाण्यात सोडायची, तिच्यावरची लाल रेघ पाण्याच्या पातळीला आली की पाणी समुद्राइतकं खारट झालं. मग एकेक भुईछत्री सोडायची. आडवी झाली तर कडी काढायची, टोक तळाला टेकलं नाही तर कडी घालायची. पितळेची बारीक तार कापून गुंजेगुंजेने तोल साधायचा. सोनाराचंच काम. मला ते फार आवडलं. बोलावं लागत नव्हतं आणि चूक झाली की पाणी लगेच सांगत होतं.

"तोलून झाली की हात लावायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "फक्त कार्डाचा खिसा बंद करायचा."

त्या वीसही भुईछत्र्या जानेवारीत समुद्रात गेल्या. कोळ्यांच्या जाळ्यात बऱ्याच मिळाल्या. उत्तरेला आणि भर समुद्राच्या बाजूला, जशा जायला हव्या तशाच. मॅडमनी एकशेवीस भुईछत्र्यांची मागणी दिली. एकशेवीस रुपये नगाप्रमाणे चौदा हजार चारशे आगाऊ दिले. या भुईछत्र्या येत्या मे महिन्यात सोडायच्या होत्या.

मॅडम समोर नव्हत्या. काम माझं होतं. एकशेवीस वस्तू माझ्या हाताने बनून माझ्या दाराबाहेर निघाल्या होत्या. शेवटचा टाका घालताना हात आपोआप डब्याकडे गेला.

सुमनने बघितलं. "आगं बया! समिंदराला रुपया कशाला, भाभी? त्येच्याकडं काय कमी हाय व्हय?"

"रिकामं कसं पाठवायचं?" मी म्हटलं.

"एकशेवीस रुपयं! त्यात दोन किलो साखर आली असती."

तोल करून झाला होता, रुपया त्यानंतर गेला. त्याचं वजन माझ्या डोक्यातच आलं नाही. गादीला रुपयाचं कुठे काय होतं? मी प्रत्येक काठात एकेक रुपया शिवला, आणि खोके बांधून कोकणच्या गाडीत दिले. एवढ्या वर्षांत एवढ्या समाधानाने मी काही दिलं नव्हतं.

जूनमध्ये मॅडमचा फोन आला. आवाज पडलेला. वरचं पाणी कुठे जातं ते बघायला सोबत लाकडी पाट्या सोडल्या होत्या, त्या वर तरंगत दक्षिणेला गेल्या आणि सापडल्या. भुईछत्र्या मात्र कुठेच गेल्या नाहीत. मासेमारी बंद व्हायच्या आधी एका होडीला जाळ्यात नऊ मिळाल्या, जिथे सोडल्या होत्या अगदी तिथेच. "म्हणजे त्या भागात तळपाणी हलतच नाही असं दिसतंय," त्या म्हणाल्या. "माझाच अंदाज चुकला. तसं लिहावं लागेल." नऊ भुईछत्र्यांचे काठ फाटले होते. दुरुस्त करून ठेवा, पुढे कामाला येतील, म्हणून त्यांच्या माणसाने त्या पार्सलने पाठवल्या.

पार्सल उघडलं आणि भुईछत्र्या जमिनीवर ओळीने मांडल्या. नऊच्या नऊ टोप्यांना गाळ लागलेला, पण एकाच बाजूला. रुपयाच्या बाजूला. ती बाजू चिखलात पडून राहिली होती, दुसरी स्वच्छ. तिकडच्या माणसाला काठातला तो गोळा शिवणीचा वाटला असणार.

मी काचेची पेटी भरली, मीठ घातलं, लाल रेघ बघितली. एक धुऊन सोडली. ती बुडाली, आणि टेकता टेकता एका अंगावर कलंडली. रुपया तळाला, टोपी आडवी. काठ उसवून रुपया काढला आणि पुन्हा सोडली. उभी राहिली. मी हाताने पाणी हलवलं. ती टेकत टेकत पेटीच्या दुसऱ्या टोकाला गेली.

पाणी लगेच सांगतं, असं मी वर लिहिलंय. तसंच झालं.

त्या दिवसापासून माझं मन जागेवर राहिना. गादी भरायला बसले की उठायची. उठले की काय करायला उठले ते आठवायचं नाही. एका गादीला सलग चौदा टाके घातले, मग बघितलं तर दोराच ओवलेला नव्हता. आमचे हे म्हणाले, "बोलायचं तर बोल, नसलं बोलायचं तर नको बोलू. पण ती पेटी मोरीतून उचल, मला अंघोळ करायचीय."

सुमनला सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "गप बस. समिंदराच्या बुडात कोण जातंय बघायला? मॅडमला वाटतंय पाणी हलत न्हाई, तर नसंल हलत. सांगितलंस तर पुढचं काम ग्येलं बघ, तुझंबी आन् माझंबी."

"आणि त्या तिसऱ्यावाल्या बायका?"

"त्यास्नी तू वळकतीस व्हय?"

ओळखत नव्हते. पण ओहोटीला वाकून वेचणारी बाई कशी दिसत असेल ते कळत होतं. माहेरी दुष्काळात खडीच्या कामावर अशाच वाकलेल्या बायका बघितल्यात. मॅडम लिहिणार, तळपाणी हलत नाही. नळवाले तो कागद धरून नळ टाकणार. आणि एवढं सगळं माझ्या एका रुपयावर.

मी चार वेळा फोन लावला आणि पहिल्या घंटेला कापला. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवता येतं ते सुमनने शिकवलं होतं. बटण दाबून धरलं, माझाच श्वास ऐकू आला, पुसून टाकलं. मग एक युक्ती सुचली. उसवलेला काठ पाटावर ठेवला, वर रुपया ठेवला आणि फोटो काढून पाठवला. फोटो बघून त्यांना कळेल, बोलावं लागणार नाही.

दोन तासांनी उत्तर आलं. हसरा चेहरा, आणि खाली लिहिलेलं: "सापडला का? ठेवून घ्या!"

सुमन हसून हसून भिंतीला टेकली. मला रडू आलं. पण एक खरं, त्या दिवशी मला कळलं की हे तोंडानेच सांगावं लागणार.

गौरींना मॅडम आईकडे येतात. त्यानंतर आठ दिवसांत त्यांचा अहवाल बैठकीत जाणार होता. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काचेची पेटी रिक्षात ठेवली. सुमन न सांगता शेजारी येऊन बसली. "एकली ग्येलीस तर दारातनंच म्हागारी येशील," ती म्हणाली. "माझं मत अजूनबी गप बसायचंच हाय, ध्यानात ठेव."

मॅडमच्या आईंनी दार उघडलं. हळदीकुंकवाला आलेल्या दोघी-तिघी बायका सोप्यात बसलेल्या. माझे तळहात पाणी पाणी झाले. मॅडम बाहेर आल्या. "अरे, भाभी! पेटी का आणलीत?"

मी पेटी उचलली. सरळ मागच्या अंगणात गेले. नळाखाली पेटी भरली, मीठ घातलं, नळीची रेघ जुळवली. एवढा वेळ कुणी काही विचारलं नाही, कारण माझे हात चालले होते. मग एक भुईछत्री सोडली. ती कलंडली. काढली, मॅडमच्या समोर काठ उसवला, रुपया त्यांच्या हातावर ठेवला आणि पुन्हा सोडली. ती उभी राहिली.

"एकशेवीसच्या एकशेवीसमध्ये," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मी घातले, मॅडम. तोल झाल्यावर."

मॅडम पेटीजवळ उकिडव्या बसल्या. त्यांनी बोटाने पाणी ढवळलं, भुईछत्री चालायला लागली, ती टोकाला जाईपर्यंत त्या बघत होत्या. मला वाटलं होतं, त्या ‘असू द्या’ म्हणतील. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"भाभी, मे महिना आता पुढच्या वर्षी येणार," त्या म्हणाल्या. "माझं अख्खं वर्ष गेलं. तुम्हाला सांगितलं होतं ना हात लावायचा नाही म्हणून? का घातलात?"

सुमनने, जी गप बस म्हणत होती तिने, सांगितलं. "आवं, रिकामं कसं द्यायाचं? गादीतबी घालती ती. तुमच्या आईच्या गादीतबी आसंल बघा."

आई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "शुभदा, आपण तरी कुणाची वाटी रिकामी देतो का?"

"आई, ही वाटी नव्हे!" मॅडम ओरडल्याच. मग उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. बाहेर आल्या तेव्हा हातात फोन होता आणि त्या कुणाला तरी सांगत होत्या, "अहवाल मागे घ्यायचाय. माप सदोष आहे. हो, सगळं. नाही, समुद्राचं नाही, आपलंच."

फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही आला नसतात तर मी खोटं लिहून बसले असते." त्यात माफी होती की राग, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

मी म्हटलं, "पैसे परत देईन. चौदा हजार चारशे."

"ते संस्थेचे पैसे आहेत, वाया गेले असं दाखवता येतं. तुम्ही सांगितलंत तेवढं पुरे."

"पुरत नाही," मी म्हटलं. आणि वडिलांचं सांगितलं, झोप लागली नाही तर पैसे परत. "तीन महिने झाले, मॅडम. मलाच लागली नाही."

परत येताना रिक्षात सुमन म्हणाली, "माझ्या मजुरीतनं एक पै कापायची न्हाई." कापली नाही. तिचं बरोबर होतं, रुपया तिने घातला नव्हता.

महिन्याला पाचशे, कधी तीनशे, सणाच्या महिन्यात हजार. जुन्या गाद्या, उशा, पाळण्यातल्या दुपट्यांपर्यंत मिळेल ते शिवलं. विश्रामबागेत आईंकडे देऊन यायची, त्या कागदावर लिहून ठेवायच्या.

नव्या भुईछत्र्यांचं काम मॅडम मला देतील असं वाटलं नव्हतं. मार्चमध्ये त्या कापड घेऊन आल्या. एवढंच म्हणाल्या, "तोल तुमच्याइतका कुणाला साधला नाही." सुमन प्रत्येक काठावरून बोटं फिरवायची, पोलिसाने झडती घ्यावी तशी. "दाव. ही दाव. मुठीत काय हाय? उघड मूठ."

पण शेवटच्या टाक्याला हात अडायचाच. रिकामं पाठवायचं म्हणजे काय, ते हाताला समजत नव्हतं. पहिल्या दिवशी तीन भुईछत्र्या उघड्या काठाने तशाच पडून राहिल्या. मग आठवलं, माझी आई आजारी मुलाच्या कपाळावर बिस्मिल्ला म्हणून फुंकर मारायची. मी काठाच्या खिशात फुंकर मारली आणि टाका ओढला. मॅडमनी बघितलं. मी घाबरून पेटीत सोडून दाखवली. उभी राहिली.

"याचं वजन चालेल," मॅडम म्हणाल्या. गौरींनंतर पहिल्यांदा हसल्या.

त्या मे महिन्यात वरच्या पाट्या दक्षिणेला गेल्या. भुईछत्र्या थोड्या दक्षिणेला आणि बाकी किनाऱ्याकडे. काही थेट खाडीच्या तोंडाशी वाळूत, तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांच्या हाताला लागल्या. तळपाणी जागं होतं. मॅडमनी तसं लिहिलं. नळाचं अजून ठरलेलं नाही, बैठका चालूच आहेत. नळवाल्यांनी मॅडमना विचारलं म्हणे, आधी कलंडलेल्या आता बऱ्या उभ्या राहिल्या? मॅडमनी खरं काय ते सांगितलं. माझं नाव नव्हतं घेतलं. तरी ते ऐकून मी दिवसभर घरात फेऱ्या मारत होते. त्या जुन्या नऊ सोडल्या तर एकशे अकरा रुपये अजून त्या चिखलात होते, आणि भरलेल्या पाण्याच्या घागरीकडे बघितलं तरी मला ते दिसायचे.

गेल्या महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. कार्डावरचा मॅडमचा नंबर लागला नाही म्हणून त्याखाली बनवणारीचा म्हणून छापलेला माझा लावला होता. बाईचा आवाज, कोकणातला. मी कापणार होते, पण धरून ठेवला.

"ती तुमची कापडाची छत्री गावली, खाडीत. पार कुजलीय. कार्डावर नंबर हाय तेवढा."

क्रमांक सांगितला. दोन वर्षांपूर्वीची, रुपयाची. पावसाळ्याच्या उलथापालथीत केव्हातरी सुटून हळूहळू किनाऱ्याकडे आली असणार.

"पन्नास रुपये मिळतील तुम्हाला," मी सांगितलं.

"ते द्या. पण त्यात एक रुपया शिवलेला निघाला. तो तुमचा राहिला असेल. तो पण पाठवते."

सुमन शेजारीच होती. मी फोन तिच्याकडे दिला नाही. "राहिला नव्हता," मी म्हटलं. "पण पाठवा."

कार्डाबरोबर पाकिटात आला. गंजाचे ठिपके पडलेला, कडेला खारट पांढरा थर. मी तो धुतला नाही.

परवा शेवटचा हप्ता होता, चारशे. मॅडम सुट्टीवर आल्या होत्या. मी तीनशे नव्याण्णव मोजून दिले आणि वर तो रुपया ठेवला. मॅडमनी तो उचलला, उलटा केला, अंगठ्याने घासून बघितला. बाहेरून बसचा आवाज आला, मला उगाच जायची घाई झाली, पण मी बसून राहिले.

"हा कुठून आला?" त्यांनी विचारलं.

"तळातून," मी म्हटलं.

त्यांनी तो बाकीच्या पैशांत ठेवला, आईंचा कागद मागवला, सगळे हप्ते वरून खालपर्यंत बेरजेला लावले आणि खाली लिहिलं, चौदा हजार चारशे, पूर्ण मिळाले.